लोडरला बाई दिसत नाही

आमच्या लोडरचा हॉर्न दाबला की पुढचे दिवे लागायचे. दिव्यांचं बटण दाबलं की मागचा भोंगा ओरडायचा. आणि भोंगा ओरडला की कोपऱ्यावरच्या जोतिरामच्या गिरणीचा पट्टा उलटा फिरून डब्यातल्या पिठाची परत ज्वारी व्हायची. यातलं शेवटचं कुणी मानत नाही. न मानोत. जोतिराम अजून आहे, पण त्याला विचारायला जाऊ नका. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

लोडर म्हणजे जेसीबीचं पिल्लू समजा. पुढं बादली, मागं डिझेलचं इंजिन, मधे पिंजऱ्यासारखी केबिन आणि आत एकच सीट. जागच्या जागी गिरकी घेतो आणि कोळसा, राख, खडी, जे पुढं ठेवाल ते उचलतो. आमचा जुना, दुसऱ्याच्या हाताखालून आलेला. विकणाऱ्यानं विकायच्या आधी त्याच्यावर पिवळ्या रंगाचा असा काही अभिषेक केला होता की कंपनीचं नावसुद्धा रंगाखाली गेलं.

घेतला माझ्या थोरल्या सुनेनं, अमिनानं. सांगोल्याची पोरगी. दुष्काळात ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडून वाड्यावस्त्या पालथ्या घातलेली. अंगानं अशी की वावटळ आली तर आधी तिला घरात घ्यावं, मग वाळत घातलेले कपडे. पण तिच्या हट्टाचं वजन केलं असतं तर मार्केट यार्डातला वजनकाटा मोडला असता. माहेरच्या डाळिंबाच्या बागेतला वाटा भावांनी दिला, तो तिनं सोन्यात घातला नाही, लोखंडात घातला. तिचा नवरा, म्हणजे माझा बिलाल, कुवेतला क्रेनवर असतो. तो फोनवर एवढंच म्हणाला, "अब्बा, तिला अडवू नका. मी अडवून बघितलंय."

घरात आम्ही दखनी बोलतो. इथं मराठीत सांगतोय, मधेच एखादा 'नक्को' निसटला तर चालवून घ्या.

माझा धाकटा सरफराज मात्र फुरंगटला. रोज तालमीत जाणारा, गळ्यात मान नसलेला गडी. घरात मशीन आलं आणि किल्ली भाबीच्या ओढणीला, हे त्याच्या पचनी पडेना.

"भाबी, चिंचोळीत लोडरवर बाई बसलेली कुणी बघितलीये का आजवर?"

"मंगळवारी बघतील की."

मंगळवारचं कारण असं. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल रंगवणारा एक कारखाना आहे. त्याच्या बॉयलरला कोळसा लागतो आणि तो ढिगातून उचलून पुढं लोटायला लोडर लागतो. तिथल्या यार्डाचा मुकादम शिवयोगी बिराजदार. अमिना त्याच्याकडं काम मागायला गेली तेव्हा मीही गेलो होतो, घरचं मोठं माणूस म्हणून.

"ड्रायव्हर कोण हाय?" त्यानं मला विचारलं.

"मी," अमिना म्हणाली.

शिवयोगीच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. मग तो म्हणाला, "अय्यो! बरं, मंगळवारी सकाळी मशीन आणून दावा. पर माजा एक नियम हाय. ड्रायव्हर सीटवरनं उठला की मशीन बंद पडायलाच पायजे. मागं दुसऱ्या एका ठिकाणी सीटच्या वायरी जोडून ठेवल्या हुत्या. ड्रायव्हर उतरला, लोडर चालूच ऱ्हायला, आन् एकाचा पाय गेला. तसली मशीन मी गेटच्या आत घेत न्हाय. बाई असू दे न्हायतर बाप्या."

"बरोबर हाय तुमचं," अमिना म्हणाली.

आम्ही घरी आलो तसं सरफराजनं माझ्यासमोर पैज लावली. "मंगळवारी तुझ्या हातानं चालला तर सीट तुझी. नाही चालला तर सीटवर मी बसणार, आणि परत तू किल्लीचं नाव काढायचं नाही."

"ठरलं," अमिना म्हणाली. "अब्बा, तुम्ही साक्षीला."

मी साक्षीला राहिलो. पोरांच्या भांडणात एवढं एकच काम बसल्या जागी होतं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात रिक्षा शिरली तर शेळीला बाहेर यावं लागतं. म्हणून लोडर बोळाच्या तोंडाशी, गिरणीसमोरच्या मोकळ्या जागेत उतरवला. तो उतरला तसं आमच्यात जे करतात ते मी केलं. आमच्याकडं कुणी नवीन गाडी हातात घेतली की घरातल्या मोठ्या ड्रायव्हरनं आपली चादर त्या सीटवर घालायची. माझ्या वडलांनी माझ्या ट्रकात घातली होती. तीच आता माझी चादर, आणि साधी नव्हे, मोर विणलेली सोलापुरी चादर. तिच्यावर बसून मी कन्याकुमारीला समुद्र लागला म्हणून थांबलो होतो, नाहीतर पुढं गेलो असतो. खाली माझ्या ट्रकातलीच सागवानी फळी. फळी सीटच्या दोन्ही कडांवर टेकवायची, वर चादरीच्या घड्या आणि सुतळीनं करकचून बांधायचं. ड्रायव्हरची कंबर वाचते. अमिनानं चादरीचं टोक डोळ्यांना लावलं आणि ती चढून बसली.

किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, दोन आचके दिले आणि गप्प झालं.

परत फिरवली. परत तेच.

"अब्बा, तुम्ही बघा बरं," ती म्हणाली. मी बसलो. माझं पोट स्टिअरिंगला लागायचं म्हणून मी ट्रक सोडला, एवढं सांगितलं की पुरे. किल्ली फिरवली तर इंजिन असं सुरू झालं की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं विजापूरला गेली. मग सरफराज बसला. चालू. मग परत अमिना बसली. बंद.

दळणाच्या रांगेतल्या कुणीतरी म्हटलं, "लोडरला बाई दिसत न्हाय." आणि रांग हसली. सरफराज सगळ्यात जास्त हसला.

अमिना उतरली, चुन्नी कमरेला खोचली आणि म्हणाली, "दिसत नाही? मग डोळे उघडते की त्याचे."

हे शनिवारी झालं. उन्हाळा असा की लोडरच्या बादलीत अंडं फोडलं असतं तर कोंबडी शिजून निघाली असती. अमिना पाने, पक्कड आणि एक टेस्ट लॅम्प घेऊन मशीनखाली शिरली. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर मशीनच्या अंगाला लावायची, दुसरी जिथं शंका तिथं. करंट असला तर बल्ब पेटतो. ट्रॅक्टर रानात बंद पडला की माहेरी ती असंच करायची, कारण टँकर थांबला की वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन थांबायच्या.

आधी बॅटरीची टोकं बघितली. त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली होती. गरम पाणी ओतून, घासून ती साफ केली. मग फ्यूजचा डबा उघडला, तर एका फ्यूजच्या जागी मागच्या मालकानं चक्क तांब्याची तार कोंबलेली. ती काढून नवा फ्यूज घातला. तरी हॉर्न दाबला की दिवेच लागत होते.

"हे भुताटकीचं काम दिसतंय," मी बाजेवरून म्हणालो. "आमच्या ट्रकाला असंच झालं होतं उमरग्याजवळ. वायपर चालू केला की पाऊस पडायचा."

"अब्बा," ती मशीनखालून म्हणाली, "करंट बॅटरीतून निघतो तसा परत बॅटरीत यायला पाहिजे. परत यायची वाट म्हणजे हे लोखंडी अंग. ती वाटच बुजलीये कुठंतरी. मिरवणुकीनं रस्ता अडला की लोक आपल्या घरातून शिरून मागच्या दारानं जातात की नाही? तसा हा करंट हॉर्नमधून निघून दिव्याच्या घरातून चाललाय."

बुजलेली वाट तिला सापडली. बॅटरीची जाड केबल ज्या बोल्टानं मशीनच्या अंगाला जोडतात, त्या बोल्टाच्या वर, खाली, मधे, सगळीकडं तोच पिवळा रंग. विकणाऱ्यानं केबल सुटी करून आतही ब्रश फिरवला होता, मनापासून. अमिनानं चाकूनं तो रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला. जोतिरामनं गिरणीतून डोकावून हात जोडले, माझ्याकडं न बघता.

"झालं," ती म्हणाली, आणि चढून बसली. किल्ली फिरवली. धडधड, दोन आचके, बंद.

सरफराजला तेव्हा दया आली असावी. दया कसली, घाई. रविवारी तो गॅरेजमधला एक वायरमन घेऊन आला. त्यानं केबिनच्या मागं डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "सीटखाली स्विच असतो, भाबी. कुणी बसलं की दबतो, मग इंजिनाला डिझेल सुटतं. त्याच्या दोन वायरी पिळून जोडून टाकतो. चहा यायच्या आत काम होतंय."

"आणि मग मी उठले तर?"

"तरी चालूच राहील. उलट बरंय की."

"नक्को."

सरफराज भडकला. "अगं, सगळे तसंच करतात! शिवयोगीला काय कळणार हाय?"

"त्याला कळो न कळो, मशीनला कळलं पाहिजे." ती एवढ्या जोरात बोलली की गिरणीपाशीची रांग वळली. "मी बसलीये हे त्याला कळलं पाहिजे आणि मी उठले हेपण कळलं पाहिजे. मी असले काय, नसले काय, त्यानं चालत राहायचं आणि वर मी बसून राहायचं, असलं चालणं मला नको. त्यापेक्षा तू बस."

वायरमन चहा पिऊन गेला.

आता शंका त्या स्विचवरच होती. अमिनानं स्विचकडून येणारी वायर सीटच्या मागं शोधली, तिला टेस्ट लॅम्प लावला आणि बल्ब माझ्या हातात दिला. ती पुढं सीटवर बसणार, मी मागं बल्ब बघणार. बल्ब पेटला तर स्विच ठीक, नाही पेटला तर स्विच वाईट.

"अब्बा, मी बसले. लागला का?"

बल्ब विझलेला होता. पण पोरगी दोन दिवस उन्हात मशीनखाली लोळत होती, आणि आवाज असा आशेनं भरलेला, की मी म्हटलं, "लागला की! असा लागलाय की हात भाजतोय!"

"मग स्विच चांगला आहे," ती म्हणाली, आणि रविवारची उरलेली दुपार तिनं किल्लीचं कुलूप, रिले, डिझेल सोडणारी कॉईल, एकेक करत सगळं उघडण्यात घालवली. सगळं ठणठणीत. आता एखाद्याचं मन राखणं हा गुन्हा असेल तर सोलापुरात तुरुंग पुरायचे नाहीत.

सोमवार उजाडला. उद्या ट्रायल. सरफराजनं नवा शर्ट इस्त्रीला टाकला, तोही मला दाखवून. अमिना सकाळपासून सीटवर बसून होती. किल्ली फिरवायची, इंजिन आचके द्यायचं, बंद. परत फिरवायची. रांगेतली माणसं आता हसतही नव्हती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"भाबी, पुरे आता," सरफराज म्हणाला. "मशीनलाच नकोय तू."

"मशीनला काय हवंय ते मशीन सांगेल. तू त्याचा वकील नक्को होऊ."

एवढ्यात आमची शेळी आली. तिचं नाव राणी, अमिनाच्या आईनं सांगोल्याहून पाठवलेली, खाऊन खाऊन पोत्यासारखी झालेली. माळावरची शेळी ती, तिला उंचवटा दिसला की चढायचंच. त्यात अख्ख्या मोकळ्या जागेत सावली होती ती केबिनच्या टपाखाली. राणीनं बादलीवर पाय दिला, तिथून उडी मारली ती थेट अमिनाच्या मांडीवर, आणि तिथंच बूड टेकून चादरीच्या दशा चावायला लागली.

"उतर गं!" म्हणत अमिनाचा हात किल्लीवर पडला.

इंजिन सुरू झालं. आणि चालूच राहिलं.

मी बाजेवर उठून बसलो. जोतिरामनं दळण थांबवलं. सरफराजचं तोंड उघडं राहिलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अगं बया! शेळी दिसती, बाई दिसत न्हाय!"

आता इथं तुम्हाला वाटेल की अमिना हसली असेल. नाही. तिनं राणीला बगलेत धरून खाली सोडलं. इंजिन बंद. राणीला परत मांडीवर घेतलं, किल्ली फिरवली. चालू. खाली सोडलं. बंद. मग ती सीटवर बसल्या बसल्याच मान वळवून माझ्याकडं बघायला लागली.

"अब्बा."

"हौ?"

"काल बल्ब लागला होता का?"

"म्हणजे… लागल्यासारखा होता."

"अब्बा."

"उजेड होता बेटा, आता तो बल्बाचा होता की सूर्याचा…"

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. उतरली आणि सीटसमोर उभी राहिली. बोट उचलून ती आधी माझ्या पोटाकडं, मग सरफराजच्या दंडाकडं, मग राणीकडं दाखवत गेली. "तुम्ही जड. तो जड. मी आणि ही मिळून जड. मी एकटी हलकी. बाई-बाप्याचं नाही हे. माझं वजन स्विचपर्यंत पोचतच नाहीये. मधे कायतरी आहे."

मधे काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. माझी फळी. दोन्ही कडांवर टेकलेली, मधे पुलासारखी. वरून माझ्यासारखा ऐवज बसला की ती वाकून खालची गादी दाबायची. अमिना बसली की पूल जागचा हलत नव्हता. तीन दिवस कुणी त्या चादरीला हात लावला नव्हता, कारण ती मोठ्या माणसानं घातलेली आणि मोठा माणूस समोर बाजेवर बसलेला.

अमिनानं पक्कड घेतली आणि सुतळीला लावली.

"ए भाबी!" सरफराज पुढं आला. "अब्बांची चादर आहे ती! सीटवरून काढणार? त्यांच्या समोर?"

वडलांची चादर मी मरेपर्यंत सीटवरून काढली नव्हती. म्हणजे ट्रक मरेपर्यंत. आमच्या जातीच्या ड्रायव्हरात चादर काढणं म्हणजे तोंडावर सांगणं की तुमची दुआ परत घ्या.

अमिनाचे हात थांबले नाहीत, नुसते हळू झाले. "अब्बा, तुमची दुआ माझ्या डोक्यावर राहू द्या," ती म्हणाली. "बुडाखाली घेतली तर मशीनला मी दिसत नाही." आणि तिनं सुतळी तोडली.

मला राग आला का? आला. तोंडात एक शिवी तयारही झाली, अस्सल, रेवूरच्या ट्रकवाल्याकडून शिकलेली. पण समोर ती फळी हातात घेऊन उभी होती, डोळे खाली नाहीत, मान खाली नाही, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं, "फळी फुटेल, नीट ठेव. सागवान आहे."

ती सीटवर बसली. उघड्या सीटवर, एकटी. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. ती उठली, बंद. बसली, किल्ली फिरवली, चालू. तिनं बादली आभाळाकडं उचलली, आणि राणी घाबरून माझ्या बाजेवर आली.

मंगळवारी सकाळी चिंचोळीच्या यार्डात निम्मा कारखाना उभा होता. सरफराज इस्त्रीचा शर्ट घालून आलाच होता. कोळशाच्या ढिगाजवळ, अगदी रस्त्यात, हात बांधून उभा. मी शिवयोगीशेजारी उभा राहून त्याला सांगत होतो की ही पोरगी सांगोल्यात लोडरनं विहिरी उपसायची.

अमिनानं ढिगात बादली घातली, भरली, मागं घेतली, जागेवर गिरकी मारली आणि कोळसा बॉयलरच्या तोंडाशी ओतला. खडासुद्धा सांडला नाही. परत भरली. परत ओतली.

"थांबा!" शिवयोगीनं हात वर केला. "आता उठा सीटवरनं."

ती उठली. इंजिन गप्प.

"बसा."

ती बसली. किल्ली फिरवली. चालू.

"परत उठा."

"किती वेळा उठवणार, साहेब?" ती केबिनमधून म्हणाली. "कोळसा उचलायचा आहे की बैठका काढायच्या आहेत?"

यार्डात हसू फुटलं. शिवयोगीही हसला, पण तो नियमाचा माणूस. स्वतः चढून त्यानं सीटच्या मागं हात घातला, वायरी चाचपल्या, एकही पिळलेली नाही हे बघितलं आणि खाली उतरला. "वायरी जोडलेल्या न्हाईत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उद्यापास्नं कामाला या, बाई." मग जरा ओशाळून, माणुसकीनं, "पर सीट लईच उघडी हाय की. दिवसभर कसं बसणार तुमी? ए, जरा ते पोतं आणा रे, चार घड्या घालून द्या बाईंना."

एक हमाल पोतं घेऊन धावला. अमिनानं ते घेतलं आणि केबिनबाहेर टाकलं.

"सीटवर मी," ती म्हणाली. "माझ्याशिवाय काय बी नक्को."

पुढच्या फेरीला ती वळली तर ढिगाच्या वाटेत सरफराज अजून तसाच उभा, हात बांधून. ती थांबली. तो हलेना. तिनं हॉर्न दाबला. नुसता हॉर्न वाजला. ना दिवा लागला, ना भोंगा ओरडला, ना शुक्रवार पेठेपर्यंत कुणाच्या पिठाची ज्वारी झाली.

सरफराज बाजूला झाला.